कष्टाची पाठ

प्रतीक सरळ उठायचा नाही. आधी कुशीवर व्हायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, मग खिडकीचा गज धरून विहिरीत पडलेलं जनावर काढावं तसा स्वतःला वर ओढायचा. रात्रभरात कुणी कंबरेत सिमेंट ओतून गेल्यागत व्हायचं. सव्वीस वर्षांचा गडी. गावाकडं या वयाची पोरं खोंडाच्या शिंगांना हात घालतात, आणि हा पायात मोजा घालायचा तो भिंतीला खांदा लावून, दातावर दात रोवून.

बाहेर मनीमाजऱ्यावर धुकं बसलेलं. जानेवारीतलं चंदीगडचं धुकं. समोरच्या पराठेवाल्याची चूल तेवढी लाल दिसायची, पराठेवाला नाही. खाली दुकानाचं शटर वर गेलं आणि पाठोपाठ तात्याचा आवाज वर आला.

"उठला का न्हाय आमचा नवाब? का पालखी धाडू?"

"उठलाय वो, येतुया," काकीनं गॅसपुढूनच उत्तर दिलं आणि प्रतीककडं बघितलं. "लेकरा, च्या घे आन जा. सकाळसकाळी शिव्या नगं खाऊस."

तात्या म्हणजे विजयकुमार, प्रतीकचा धाकटा चुलता. काकी म्हणजे सरोज. ही माणसं सांगली जिल्ह्यातली, खानापूरच्या माळावरची. त्या माळावर पाऊस पडत नाही म्हणून माणसं बाहेर पडतात, आणि जातील तिथं एकच धंदा करतात, गलईचा. सराफाकडची मोडीची सोनं-चांदी आणायची, भट्टीत वितळवायची, मळ काढायचा, शुद्ध करून परत द्यायची. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात या माळावरचा कुणीतरी भट्टीपुढं मांडी घालून बसलेला असतो.

या बोळात आधी प्रतीकचा बाप बसला होता. आबा. ऐन जवानी त्यानं या भट्टीपुढं घातली. पाठ वाकत वाकत पार कमान झाली, तेव्हा भट्टी भावाच्या हाती देऊन तो गावी गेला. आता आबा चालतो तो वाटेत काही सांडलंय का शोधत चालल्यासारखा. आणि गावात त्याचं कौतुक केवढं! लोक पोरांना बोट करून दाखवतात, बघा, ही कष्टाची पाठ. ही वाकली म्हणून घर उभं राहिलं. तात्याचीही तीच गत होती. त्याची मान वळत नसे. कुणी हाक मारली की तात्या पायापासून अख्खा वळायचा, तोफ वळवावी तसा. बाजारातल्या लोकांना तो रुबाब वाटायचा.

वाकलेला म्हातारा आपल्या लोकांना फार आवडतो. त्याच्या पाया पडतात. पण तो ज्या वयात वाकायला लागला, त्या वयात रोज पहाटे त्याला काय होत होतं, हे विचारायला एकाही भडव्याला सवड नव्हती.

प्रतीकला तर कोण विचारणार? त्याचं दुखणं त्याचीच चहाडी करायचं. सकाळी लाकूड झालेला हा पोरगा चार सराफांकडं पायी हेलपाटे घातले की सैल व्हायचा. दुपारी हसायचा. संध्याकाळी गॅसची टाकी खांद्यावर टाकून जिना चढायचा. मग तात्या काय म्हणणार?

"सकाळी लुळा आन सांजच्याला पैलवान. असलं दुखणं आमच्या खानदानात कुणाला न्हवतं."

उपाय केले नव्हते असं नाही. एका डॉक्टरनं सांगितलं, पडून राहा. तो पडून राहिला, आणि जितका पडला तितका जास्त आखडला. डेराबस्सीच्या रस्त्यावरच्या एका हाडवैद्यानं त्याला पालथं घालून पाठीत गुडघा रोवला. तिथून येताना बसमध्ये तो उभा राहून रडला. तात्यानं सगळ्याचा एकच अर्थ काढला, की विश्रांती घेऊनही जे बरं होत नाही ते दुखणं नव्हे, ते सोंग.

त्या सकाळी दुकानात नरेश सराफ आधीच येऊन बसला होता. लग्नसराई तोंडावर, त्याला चांदी आत्ताच्या आत्ता पाहिजे होती. भट्टी घुमत होती. मुशीतली चांदी पातळ होऊन आरशासारखी हलत होती.

"बस," तात्या म्हणाला. "ओत."

"तात्या, जरा कोपऱ्यापत्तूर चालून येतो. अंग मोकळं झालं की लगीच बसतो."

"चालून येतूस? गिऱ्हाईक हितं बसलंय आन तू हवा खायाला चाललास? बस म्हणतो ना!"

भट्टी जमिनीला लागून. तिच्यापुढं मांडी घालायची आणि लांब सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतायची. प्रतीक बसला. बसला म्हणजे खाली कोसळला आणि पाय कसेबसे आत घेतले. सांडशीत मूस धरली, उचलली. आणि कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या दोन्ही अंगांना, कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ आली. हात उडाला. चांदी साच्याच्या काठावर आपटली आणि फरशीभर पाऱ्यासारखी पळाली.

नरेश दोन्ही पाय उचलून खुर्चीवर चढला. "ओए! मुंडे नूं की होया?"

"कुछ नहीं जी," तात्या दात ओठ खात म्हणाला. "नींद में है साहब."

गलईच्या दुकानात माल सांडला की एक रीत असते. दार लावायचं, फरशी कुंच्यानं झाडायची, आणि मग दुकानातल्या प्रत्येकानं पांढऱ्या चादरीवर उभं राहून आपले कपडे, केस, हात, तळवे गिऱ्हाइकासमोर झाडायचे. कण चादरीत पडतो आणि संशय बाहेर पडतो. प्रतीक चादरीवर उभा राहिला. सदरा झटकला, केस झाडले. तळव्यांपाशी गाडी अडली. पाय वर येईना, हात खाली जाईना.

"आता ह्यो नाच कशाला? झाड की तळवं!"

"येत न्हाय, तात्या."

नरेश हसला. वाईट मनानं नव्हे, पण हसला. तात्याचं डोकं फिरलं. तो कुंचा घेऊन पुढं झाला, पोराचे तळवे झाडायला वाकला, आणि अर्ध्यातच अडकला. कुंचा पोराच्या गुडघ्याशी, तात्या हवेत. जिन्यात उभी असलेली काकी खाली आली, तिनं कुंचा काढून घेतला, गुडघ्यावर बसून आधी प्रतीकचे तळवे झाडले. मग म्हणाली, "तुमचंबी पाय वर करा." आणि नवऱ्याचेही झाडले.

दोन बाप्ये चादरीवर उभे आणि दोघांचेही तळवे एक बाई झाडतेय. हे डोळ्यांपुढं घडलं, आणि कुणालाही काही दिसलं नाही.

चांदी सगळी मिळाली. नरेश ती घेऊन गेला. तात्यानं हात धुतले आणि पाठमोराच बोलला.

"ऐतवारच्या गाडीचं तिकीट काढलंय तुझं. गावाला जा. सुशांत येतोय तुझ्या जागेवर."

सुशांत काकीच्या भावाचा मुलगा. गलईतून परत धाडलेलं पोरगं म्हणजे गावात नापास झालेला बैल. त्याला ना कुणी दुसऱ्या भट्टीवर घेत, ना कुणी पोरगी देत. आबाच्या जागेवर बसून आबाच्या पाठीला बट्टा लावला, एवढंच लोक म्हणणार. त्यानं पिशवी भरून दाराशी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडला. पडल्यानं दुखणं वाढलं.

दुसऱ्या दिवशी काकी सरकारी क्वार्टरांमधल्या एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. दरवर्षी जायची. परत आली ती तरातरा जिना चढून, हातातली वाणाची वाटी खाली न ठेवताच.

"परत्या, उठ. ऐक माझं."

"काय झालं?"

"समद्या सायबांच्या बायका तिथं. एक मला म्हणली, तुमचे मिस्टर कुठल्या डिपार्टमेंटला? म्हणलं, भट्टीला." काकी स्वतःच हसली आणि लगेच गंभीर झाली. "तिथं एक डाक्टरीण हुती. क्षितिजा म्हणून. आपल्याच तिकडची, सोलापूरची. मोठ्या इस्पितळात असती. मी आपली सहज बोलले, आमच्या पुतण्याचं असं असं हाय, सकाळी लुळा आन दुपारी टुणटुणीत. तर तिनं हातातला तिळगूळ खाली ठेवला. मला इचारती, पहाटं दुखण्यानं जाग येती का? पडून ऱ्हायलं की वाढतं आन चाललं की कमी हुतं का? आरं, मला वाटलं ही बया आपल्या घरातच ऱ्हाती का काय!"

प्रतीक उठून बसला. आजवर ज्या गोष्टीमुळं तो खोटा ठरत होता, तीच गोष्ट कुणीतरी आपणहून विचारली होती.

तात्या जेवायला वर आला तेव्हा काकीनं भाकरी वाढली आणि थेट विषय काढला. तात्यानं ताट सरकवलं. "डाक्टरीण काय करणार? ऐतवारी चाललाय त्यो."

"चाललाय तर चाललाय. पर शुक्रवारी दाखवून आणू. उंद्या थोरल्या जाऊबाई मला इचारतील, पोरगं धडधाकट नेलंसा आन असं का धाडलं, तर मी काय तोंड दावू?"

तात्या घास चावत राहिला. मग म्हणाला, "बरं. मीच नेतो त्येला. डाक्टरणीच्या म्होरं त्येचं सोंग उघडं पडू दे एकदाचं. मग कुणी मला बोल लावायचा न्हाय."

इस्पितळाच्या त्या विभागाबाहेर लांब बोळ होता. दोन्ही कडेला बाकडी, आणि बाकडी बरीचशी रिकामी. माणसं मात्र खच्चून भरलेली. सगळी उभी. कुणी येरझाऱ्या घालतंय, कुणी भिंतीला पाठ घासतंय, कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर. तात्याला नवल वाटलं. जागा असून कुणी बसत नाही, काय शिस्तीची माणसं! तो ऐसपैस बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की या बोळात म्हातारं असं कुणी नाहीच. मोजून चार डोकी पिकलेली, तीही सोबत आलेल्यांची. बाकी सगळी पोरं. मोहालीच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेली एक मुलगी, पाठीवरची बॅग छातीशी धरून फेऱ्या मारत होती. एक उंचापुरा सरदार पोरगा, पट्टीचा कबड्डीपटू शोभेल असा, जमिनीवर पडलेली किल्ली उचलायला दुसऱ्याला विनवत होता.

प्रतीक बसायला गेला तसा शेजारचा एकजण म्हणाला, "बैठ मत भाई. बैठा तो गया."

त्याचं नाव अंकुर. डेराबस्सीच्या औषध कारखान्यात गोळ्या खोक्यात भरायचं काम करायचा.

"सुबह को?" अंकुरनं विचारलं.

"लकडी," प्रतीक म्हणाला.

"और शाम को बिलकुल फिट. है ना?" अंकुर हसला. "घर पे क्या बोलते हैं तुझे?"

"नवाब. और तुझे?"

"नौटंकी."

बॅगवाली मुलगी फेरी मारता मारता थांबली. "मुझे ड्रामा क्वीन. मम्मी बोलती है शादी हो जाएगी तो सब ठीक हो जाएगा." आणि तिघं हसायला लागले. हसताना तिघांनीही एकाच वेळी कंबरेला हात लावला, आणि ते बघून पुन्हा हसले. प्रतीक असा मोकळा कधी हसला होता, त्याला आठवेना. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, जगात हे असलं शरीर एकट्यालाच मिळालंय. आणि इथं अख्खा बोळ भरला होता. एका शहराच्या एका इस्पितळाचा एका सकाळचा एक बोळ. ज्यांना अजून कुणी आणलंच नाही, जी घरोघर भिंतीकडं तोंड करून पडलीत, ती वेगळीच.

तात्या बाकड्यावरून सगळं ऐकत होता. त्याला हिंदी चांगली समजायची.

डॉक्टर क्षितिजा बारीक अंगाची, भरभर बोलणारी बाई होती. तिनं प्रतीकला आडवं पाडलं, पाय दुमडून बघितले, कंबरेच्या खाली दोन जागी अंगठे दाबले. प्रतीक कळवळला.

"इथंच ना? कधीपासून?"

"कॉलेजात हुतो तवापासनं."

"आणि आता येतोयस." ती त्याच्यावर नव्हे, तात्याकडं बघून बोलली. "सगळे असेच येतात. काही वर्षं आळशी ठरतात, मग काही वर्षं वेडे ठरतात, मग माझ्याकडं येतात. उठ. भिंतीला टाचा लावून उभा राहा. पाठ टेकव. आता डोकं टेकव."

प्रतीकचं डोकं भिंतीला टेकलं. गार लागलं.

"छान," ती म्हणाली, आणि तात्याला हाक मारली. "काका, जरा इकडं."

तात्या वळला. पायापासून, अख्खा. डॉक्टरणीची लेखणी हवेतच थांबली.

"काका, तुम्ही या. त्याच्या शेजारी उभे राहा."

"मला काय झालंय? ही कष्टाची पाठ हाय, बाई. भट्टीम्होरं बसून झालीया."

"असेल. टाचा लावा."

तात्यानं टाचा लावल्या. कुल्ले टेकले. डोकं मागं न्यायला गेला. डोकं गेलं नाही. त्यानं हनुवटी वर केली, घशाच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. डोकं तिथंच. डॉक्टरणीनं आपली मूठ त्याच्या डोक्यामागं घातली. मूठ शिरली. दुसरी मूठ घातली. तीही शिरली. शेजारी पुतण्याचं डोकं भिंतीला चिकटलेलं, आणि चुलत्याच्या डोक्यामागं एका बाईच्या दोन मुठी.

"तरुणपणी दुखायचं?"

तात्यानं पुतण्याकडं डोळे वळवले. "लई," तो म्हणाला. "पहाटं ह्याच्यावानीच रांगत उठायचो. मंग थांबलं."

"थांबलं नाही. मणके एकमेकांना जोडले गेले, म्हणून दुखायचं कमी झालं. घरात अजून कुणाची पाठ अशी आहे?"

"ह्येच्या बापाची," तात्या म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाची. आन आमच्या बाचीबी हुती."

"काका, ही कष्टाची पाठ नाही. हा आजार आहे. घराण्यात चालत आलेला. भट्टीपुढं बसून त्याला खतपाणी मिळालं, एवढंच."

आजाराचं नाव तिनं सांगितलं. लांबलचक होतं, प्रतीकच्या तोंडात बसेना. पण नाव होतं! त्याला वाटलं, आता ते कुणाच्याही तोंडावर फेकता येईल.

"बरं हुईल का मॅडम?"

"मुळापासून जाणार नाही, खोटं सांगत नाही. पण वाकण्याआधी बहुतेकदा अडवता येतं. रक्त आणि फोटो बघू, औषधं सुरू करू, आणि रोज व्यायाम. तो चुकला तर औषधाचा उपयोग नाही. पडून राहायचं नाही. जमिनीवर बसून भट्टी बंद. तुझं डोकं अजून टेकतंय, बाळा. ते टिकवायचं."

प्रतीकनं मान हलवली. मान हलत होती. बाहेर आल्यावर त्यानं रडून घेतलं, अंकुरच्या खांद्यावर, ओळख ना पाळख. तात्या शेजारी उभा होता. यावेळी बाकड्यावर बसला नाही. जाताना अंकुरला म्हणाला, "ओ भाई. तुम्हारे बाप को मेरी दुकान पे भेजो. मनीमाजरा, गलईवाला विजयकुमार. मैं उससे बात करता."

शनिवारी सबंध दिवस तात्या भट्टीभोवती पावलांनी जागा मोजत हिंडला. प्रतीकची पिशवी दाराशी तशीच होती, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलेना. काकीनं प्रवासाच्या दशम्या करायला पीठ काढलं आणि पुन्हा डब्यात टाकलं.

रविवारी सकाळी प्रतीक उठला, कुशीवर, गज धरून. डॉक्टरणीनं दाखवलेले ताण दिले, जिन्यातून चार वेळा खाली-वर केलं. खालून धपधप आवाज येत होता. जाऊन बघतो तर तात्या विटा रचत होता. सिमेंटचं घमेलं शेजारी. खाली वाकता येत नव्हतं म्हणून तो विटा पायानं सरकवत होता आणि शिव्या घालत होता.

"बघतूस काय? वीट दे."

"काय करतायसा?"

"वट्टा. भट्टी कमरेएवढी वर घेतो. हुबं ऱ्हाऊन वतायचं."

"सुशांतसाठी?"

तात्यानं खिशातून फोन काढला, गावाला लावला आणि आवाज मोठा केला. "दादा? काय करतूस?"

"उन्हात बसलोय," आबा तिकडून म्हणाला. "पोरगं निघालं का?"

"त्ये ऱ्हाऊ दे. एक काम कर. भित्तीला टाचा लावून हुबा ऱ्हा बरं."

"आं? सकाळी सकाळी पिलास काय?"

"ऱ्हा म्हणतो ना! वैनीला बलीव, तिला बघू दे."

तिकडं खुडबुड झाली. प्रतीकच्या आईचा आवाज आला, काय ह्यो खुळ्यांचा बाजार म्हणून. मग आबाचं धापा टाकणं.

"टेकलं का डोकं?" तात्यानं विचारलं.

"भित्त मागं सरकलीया रं," आबा म्हणाला.

"वैनी, मधी जागा किती हाय?"

"अवं भावजी, मधनं मांजर जाईल," आई म्हणाली, आणि खुदकन हसली. आबाही हसला. काकी जिन्यात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायला लागली. तात्या मात्र हसता हसता मधेच तुटला.

"दादा, त्यो आजार हाय. आपल्या बापालाबी हुता, तुलाबी हाय, मलाबी हाय. ह्या पोरालाबी हाय, आन मी त्येला नवाब म्हणून हिणवलं. गाडीत घालून धाडीत हुतो बघ."

फोनवर नुसता वारा वाजला. माळावरचा वारा. मग आबानं हळू विचारलं, "पोराचं टेकतंय का?"

"टेकतंय."

"पुरतं?"

"पुरतं टेकतंय, दादा. मी शेजारी हुबा हुतो."

"मंग झालं," आबा म्हणाला. "गाडीत बसवू नगंस त्येला."

प्रतीक दुकानाच्या मागच्या भिंतीला टाचा लावून उभा होता. कधी जाऊन उभा राहिला त्यालाच कळलं नव्हतं. काजळी धरलेली, भट्टीच्या धगीनं कधीकाळी तडकलेली भिंत, आणि डोकं तिला टेकलेलं. त्यानं ते तिथंच ठेवलं.

"आन माझ्या सुशांतचं काय?" काकीनं जिन्यातून विचारलं.

"येऊ दे की त्येला. काम काय कमी हाय?" तात्यानं नाक पुसलं, हाताचं सिमेंट मिशीला लागलं. "पर आल्या आल्या आधी भित्तीला हुबा करीन." मग तो वळला, पायापासून, अख्खा, आणि पुतण्याकडं बघून खेकसला. "आन तुमी, नवाब? भित्त पडत न्हाय, सोडा तिला. वीट द्या हिकडं. परवाच्याला नरेशची नवी चांदी वतायचीया. हुबं ऱ्हाऊन."